अंदमान, दिवस पहिला: काहीही नाही

‘दिवस १: पोर्ट ब्लेअर विमानतळावर आगमन. हॉटेलवर फ्रेश होऊन सेल्युलर जेल, कॉर्बिन्स कोव्ह समुद्रकिनारा, संध्याकाळी लाइट अँड साउंड शो. रात्री जेवण व मुक्काम.’

अंदमानच्या टूरचं कुठलंही पत्रक उघडा, पहिल्या दिवसाच्या चौकटीत थोड्याफार फरकाने हेच छापलेलं असतं. जे टूरने जात नाहीत आणि स्वतःच एक्सेल शीट करून जातात (आपली आयटीतली जमात), त्यांच्या शीटमध्येही पहिल्या ओळीत हेच असतं, फक्त रंगीत. माझं भांडण जेलशी नाही, समुद्राशी तर मुळीच नाही. माझं भांडण त्या ‘फ्रेश होऊन’ या दोन शब्दांशी आहे. ज्याने ते पहिल्यांदा लिहिले त्याला एकतर मूल नसणार, किंवा असलं तर ते कायम बायकोच्या कडेवर असणार.

तर आजचा विषय: लहान मुलं, म्हणजे साधारण सहा-सात वर्षांच्या आतली, बरोबर असताना बेटावर पोचतो त्या दिवसाचं काय करायचं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मग भांडू. त्या दिवशी काहीही पाहायचं नाही. तिकीट लागणारं, वेळ ठरलेलं किंवा बोटीत बसवणारं काहीही त्या दिवसावर टाकायचं नाही. पत्रकात काहीही छापलेलं असो, तो दिवस प्रवासाच्या खात्यात धरायचा. सुट्टी दुसऱ्या दिवशी सुरू होते.

(नावांचा खुलासा: हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप डिसेंबर २०१८ मध्ये झालं, पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम सप्टेंबर २०२४ मध्ये. आमचं नगरही आता अहिल्यानगर आहे. पण बोलताना लोक अजून जुनी नावं घेतात, मीही तीच घेतो.)

आता कुठून निघतो ते बघू, कारण सगळी पत्रकं प्रवास विमानतळापासून सुरू होतो असं धरून चालतात. आमचा प्रवास श्रीगोंद्यातून सुरू होतो. पुण्यात नोकरी करणारे आमच्यासारखे लोक दिवाळीला गावी जातात, भाऊबीज उरकते, आणि शाळेच्या सुट्टीचे उरलेले दिवस धरून आई-वडिलांसकट तिथूनच निघायचं ठरतं. श्रीगोंद्याहून लोहगाव विमानतळ शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. नकाशा म्हणतो अडीच तास. नकाशाला उसाच्या ट्रॉल्या माहीत नाहीत. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, आणि मग मागे धड दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर रस्त्याच्या मधून निवांत चाललेले असतात. ते ओलांडून शिरूर गाठा, मग शिक्रापूरचा चाकण चौक, मग वाघोली. वाघोलीबद्दल पुण्यात राहणाऱ्याला काही सांगायला नको.

आता एक नमुना वेळापत्रक मांडतो. रात्री आठला घर सोडायचं. साडेअकराला विमानतळ. मध्यरात्रीनंतर पुणे-चेन्नई, पावणेदोन तास. चेन्नईत बसून राहायचं, कारण अंदमानची बरीच विमानं सकाळची असतात. पहाटेनंतर चेन्नई-पोर्ट ब्लेअर, सव्वादोन तासांच्या आसपास. नऊच्या सुमाराला उतरायचं. म्हणजे तेरा तास. मोठ्या माणसाला हे जमतं. मान वाकडी करून, तोंड उघडं टाकून आपण कुठेही झोपतो.

तीन वर्षांच्या पोराचं काय होतं ते मोजा. गाडीत नऊला झोपलं. साडेअकराला विमानतळावर उठवलं. सिक्युरिटीला खांद्यावरून काढलं, कारण बाबागाडी वेगळी, बॅग वेगळी आणि पोरगं वेगळं. विमानात बसल्यावर जरा डोळा लागला, तर उतरताना कान दुखले म्हणून उठलं. चेन्नईत पांढऱ्याफक उजेडात लोखंडी खुर्चीवर. मग पुन्हा रांग, पुन्हा विमान, पुन्हा कान. एका रात्रीत पाच-सहा वेळा झोपमोड. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला १० ते १३ तास झोप लागते, एक-दोन वर्षांच्याला ११ ते १४. या पोराला तुकड्यातुकड्यांत चार मिळाली असली तरी पुष्कळ.

आणि आता तुम्ही त्याला ‘फ्रेश’ करणार. कुठे? बऱ्याच हॉटेलांत खोली दुपारी मिळते. तुम्ही साडेनऊला रिसेप्शनवरच्या सोफ्यावर सहा बॅगा, दोन म्हातारी माणसं आणि एक रडणारं मूल घेऊन बसलेले आहात. मग टॅक्सीवाला म्हणतो, साहेब, खोली मिळेपर्यंत जेल करून घ्या. आणि आपण जातो! कारण शीटमध्ये तसंच आहे.

आता जरा सूर्याकडे वळू, कारण हा मुद्दा मला कुठल्याही पत्रकात दिसलेला नाही. श्रीगोंदा ७४.७ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास, पोर्ट ब्लेअर ९२.७ च्या. फरक १८ अंश. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे ७२ मिनिटं. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच, मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंशांचं. परदेशात जाताना आपण घड्याळ बदलतो म्हणून शरीराला वेळ देतो. इथे घड्याळ बदलत नाही म्हणून आपल्याला वाटतं काहीच बदललं नाही. नोव्हेंबरच्या मध्यात श्रीगोंद्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, पोर्ट ब्लेअरला पाच वाजायच्या आत. उगवतो आपल्याकडे साडेसहा उलटल्यावर, तिकडे सव्वापाचला.

याचे दोन परिणाम. एक, तुम्ही अकराला कामाला लागलात तर हातात उजेडाचे जेमतेम सहा तास उरतात, म्हणून सगळं घाईत कोंबावं लागतं. आणि दोन, जास्त महत्त्वाचा: दुसऱ्या दिवशी सव्वापाचला पडद्याच्या फटीतून लख्ख उजेड येणार आणि पोरं उठणार. तुम्ही त्यांना शोला बसवून, मग हॉटेल शोधून, साडेनऊला जेवू घालून दहाला झोपवलं असेल तर त्यांना सात तास मिळाले. आदल्या रात्रीचे चार आणि हे सात. दोन दिवसांची उधारी घेऊन तुम्ही तिसऱ्या दिवशी हॅवलॉकच्या वाळूत उभे, आणि म्हणता काय, ‘समुद्र बघूनसुद्धा रडतंय, काय करावं या पोराला!’

किरकिरीचं ठीक आहे हो, पोरं किरकिरतात. माझा खरा मुद्दा आपल्याबद्दल आहे. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये डॉसन आणि रीड या दोघांचा एक छोटा लेख आला होता. त्यांनी माणसांना जागं ठेवून आणि दारू पाजून (वेगवेगळ्या दिवशी!) एकाच चाचणीत तोलून पाहिलं. सतत सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्याइतका ढिला पडतो, आणि चोवीस तास जागा असलेला साधारण ०.१० टक्केवाल्याइतका. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के. आता आधीच्या सकाळी श्रीगोंद्यात सहाला उठलेला बाप धरा. आवराआवर केली, रात्री गाडी चालवली, विमानात डुलक्या काढल्या, आणि दुपारी तीनला तो कॉर्बिन्स कोव्हच्या पाण्यात तीन वर्षांच्या मुलाचा हात धरून उभा आहे. त्या अवस्थेत त्याला कोणी स्कूटर चालवू देणार नाही. पण समुद्रात लहान मुलावर नजर ठेवण्याचं काम बिनदिक्कत देतो. लहान मूल गुडघाभर पाण्यात बुडू शकतं आणि बुडताना ओरडत नाही. तिथे बघणारा माणूस टक्क जागा लागतो, नुसता प्रेमळ असून भागत नाही.

याच्याही पुढची एक जात आहे. यांना पोर्ट ब्लेअरला थांबणंच मंजूर नाही. उतरल्या उतरल्या टॅक्सी, टॅक्सीतून जेट्टी, दुपारच्या बोटीने थेट हॅवलॉक. ‘एक हॉटेल वाचतं ना!’ हे म्हणणं अगदीच पोकळ नाही, हे मान्य. बॅगा एकदा कमी उघडाव्या लागतात. एखाद्याचं विमान सकाळी लवकर उतरत असेल, मुलं बारा-चौदा वर्षांची असतील, तर जरूर करा. पण लहान मुलांसकट? बोट दीड ते अडीच तासांची. बऱ्याच खासगी बोटी बंद, काचेच्या, वातानुकूलित. दोन ते बारा हे बोट लागण्याचं हुकमी वय, त्यात झोप नाही, त्यात विमानातलं अर्धवट सँडविच. शेजारी आजी, तिला तर एसटीसुद्धा लागते.

आणि हिशेब बघा. माझा व्यवसायच हा असल्यामुळे राहवत नाही. श्रीगोंदा ते विमानतळ, पहिलं विमान, दुसरं विमान, टॅक्सी आणि सामान, बोट. पाच कड्या. समजा प्रत्येक कडी दहापैकी नऊ वेळा वेळेवर. (वाघोलीला नऊ देणं म्हणजे माझं औदार्य.) सगळ्या पाच वेळेवर असण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ५९ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा थोडं बरं. यातली एकही चुकली की शेवटची बोट जाते, हॅवलॉकचं हॉटेल भरलेलं असून रिकामं राहतं, आणि पोर्ट ब्लेअरला रात्री आठला, म्हणजे सूर्य बुडून तीन तास झाल्यावर, तुम्ही मुलाला कडेवर घेऊन खोली शोधताय. ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करू नका म्हणून मेल पाठवणारे आपण. पाच डिपेन्डन्सी आणि शून्य बफर असलेला प्लॅन कोणी ज्युनिअरने आणला तर त्याला परत पाठवू. इथे मात्र घरच्या सहा माणसांना त्यावर बसवतो.

त्यात महिना कोणता? ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा मोसम, आणि नेमकी आपली दिवाळी त्यात. डिसेंबर २०१६ मध्ये खराब हवामानामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजारावर पर्यटक अडकले होते, बोटी बंद, शेवटी नौदलाने जहाजं पाठवून लोकांना बाहेर काढलं. बोट रद्द होणं हा तिथे अपवाद धरू नये.

बोटीवरून आणखी एक. २६ जानेवारी २०१४ ला पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची एक बोट उलटली, वीसहून जास्त माणसं गेली. बोटीत क्षमतेपेक्षा खूप जास्त लोक भरले होते. आणि आपल्या दारातलं उदाहरण: डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली, पंधरा जण गेले, त्यांत लहान मूलही होतं. या अपघातांचा पालकांच्या थकव्याशी काहीही संबंध नाही, तो जोडायचाही नाही. मी सांगतोय ते एवढंच, की बोटीत चढताना काही गोष्टी बघाव्या लागतात. बोट भरली आहे का, लहान मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, की मोठ्याचंच गळ्यात अडकवलंय आणि पोर त्यातून खाली घसरतंय, त्याचा पायांतला पट्टा लावलाय का, आणि नसेल तर ‘आम्ही पुढच्या बोटीने येतो’ म्हणायची हिंमत. ही हिंमत वेळ आणि झोप असलेल्या माणसाकडेच असते. ज्याला आजच सगळं ‘करून घ्यायचंय’ तो चढतो.

आता समोरच्यांचे मुद्दे, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं.

पहिला, रजा. ‘आठच दिवस मिळतात रे, त्यातला एक झोपेत घालवू?’ अरे, पण तो दिवस तुमच्याकडे नव्हताच! ‘सहा रात्री सात दिवस’ ही विक्रीची भाषा आहे. त्यात यायचा दिवस आणि जायचा दिवस पूर्ण धरलेले असतात, कारण आकडा मोठा दिसतो. प्रत्यक्षात पाचच दिवस आहेत. पहिला दिवस भरून तुम्ही सहावा मिळवत नाही, दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा काही भाग कापून पहिल्याला लावता.

दुसरा, पैसे. माणशी एवढे हजार भरले, आणि त्या दिवशी काहीच नाही? पण भरलेले पैसे जेल बघून परत मिळणार आहेत का? गेले ते गेले. उलट पोराला ताप चढला की तिसऱ्या दिवसाचे पैसेही जातात, वर डॉक्टर शोधायचा तो वेगळाच, आणि हॅवलॉकवर तालुक्याच्या गावासारखे चौकाचौकात दवाखाने नाहीत.

तिसरा, सर्वात लाडका: ‘आमची पोरं दिवसभर हिंडली, काही झालं नाही.’ आमच्या धंद्यात याला ‘माझ्या मशीनवर चालतं’ म्हणतात. तुमच्या पोरांचं कौतुक आहे. माझं पोर वेगळं मशीन आहे.

चौथा मुद्दा थोडा खोल आहे आणि तो कोणी उघड बोलत नाही. आम्ही अंदमानला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी जेवून सगळे झोपलो, हे ऐकून गावात एक काका म्हणाले, ‘एवढं विमानाचं भाडं भरून झोपायला गेला होतात व्हय?’ त्या प्रश्नाचं मूळ मला माहीत आहे. ते आमच्या शाळेच्या सहलींत आहे. पहाटे तीनला लाल डबा सुटायचा आणि दोन दिवसांत रायगड, प्रतापगड, महाबळेश्वर आणि वाटेतलं एक धरण. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, गुरुजींची शिट्टी, बसा गाडीत. आणि ते अष्टविनायकाच्या टूरमध्येही आहे. सिद्धटेक आमच्या शेजारच्याच तालुक्यात, कर्जतमध्ये. तिथे मी कित्येकदा पाहिलंय, ‘दोन दिवसांत आठ गणपती’वाली बस येते, माणसं धावत आत जातात, धावत बाहेर येतात. भीमा तिथे देवळाला लागून वाहते, तिच्याकडे कोणी बघतही नाही. एक झाला, टिक. चला रांजणगाव.

लोक म्हणतात ही आपली यात्रेची परंपरा. चूक! आपली परंपरा वारीची आहे, आणि वारीइतकं शहाणं वेळापत्रक कुठल्या टूर कंपनीला जमलेलं नाही. पालखी रोज किती चालणार ते ठरलेलं, सकाळचा विसावा ठरलेला, दुपारचा ठरलेला, मुक्काम ठरलेला. पुण्यात पोचल्यावर माउलींची पालखी दुसऱ्याच दिवशी पुढे पळत नाही, एक अख्खा दिवस थांबते. मग दिवे घाट चढून सासवडला गेल्यावर पुन्हा तसंच. शेकडो वर्षं लाखो पायांनी घासून तयार झालेला प्लॅन आहे तो, आणि त्यात विसाव्याला कोणी ‘वाया गेलेला वेळ’ म्हणत नाही.

आता सेल्युलर जेल. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण मराठी माणूस अंदमानला जातो त्याचं अर्धं कारण तेच असतं. निदान आमच्या वडिलांचं तरी होतं. १८९६ ते १९०६ बांधकाम, मधल्या बुरुजापासून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात पाखी, त्यातल्या तीन उरल्या. एका पाखीतल्या कोठड्यांचं तोंड पुढच्या पाखीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचं तोंड दिसू नये. जुलै १९११ मध्ये सावरकर तिथे पोचले, पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन. कोलू आहे, फाशीघर आहे. हे बघायला जागेपणी जावं लागतं. सहा वर्षांची मुलगी ‘यांना एकमेकांशी बोलू का देत नव्हते?’ विचारते, तेव्हा उत्तर द्यायला बापाच्या डोक्यात काहीतरी चालू असावं लागतं. मी तिथे पाहिलेलं दृश्य वेगळं होतं. कोठडीच्या दारात फोटो, आतून एक पोर किंचाळतंय, आई म्हणतेय ‘लवकर आटपा’, आजोबा जिन्यावर बसलेत. संध्याकाळी शोला पुढच्या चार रांगांतली निम्मी मुलं आडवी, डास चावताहेत, आणि आयांचं लक्ष शोमध्ये नसून ओडोमॉसच्या ट्यूबमध्ये. ज्या जागेसाठी एवढ्या लांब आलो तिला आपण दिवसातला सर्वात भिकार तास देतो.

आणि गंमत म्हणजे याची गरजच नसते. विमान परतीलाही पोर्ट ब्लेअरहूनच सुटतं! म्हणजे शेवटी तुम्ही तिथे परत येणारच. जेल त्या मुक्कामाला ठेवा. विमानाच्या किमान एक दिवस आधी हॅवलॉकहून परत या, जेल सकाळच्या उन्हात बघा, शो बघा. एखादी बोट रद्द झाली तर तोच दिवस बफर म्हणून वापरता येतो. पत्रकवाले असं का करत नाहीत? कारण मग पहिल्या दिवसाच्या चौकटीत काय छापणार?

तर मग त्या दिवशी करायचं काय? आमचं असं होतं. रात्रीचं विमान घेतलंच नाही. दुपारी श्रीगोंद्याहून निघालो, संध्याकाळच्या विमानाने चेन्नई, विमानतळाजवळ साधं हॉटेल, पोरं पलंगावर आडवी. चेन्नईच्या एका रात्रीचं भाडं गेलं, पण सकाळी सगळ्यांची तोंडं माणसांसारखी होती. हे जमणार नसेल, रात्रीच जायचं असेल, तर पोर्ट ब्लेअरचं हॉटेल आदल्या रात्रीपासून बुक करा. हो, न वापरलेल्या रात्रीचे पैसे द्या. सकाळी साडेनऊला चावी हातात मिळण्याची ती किंमत आहे. विमानतळ गावाला चिकटूनच आहे, त्यामुळे हॉटेलही जवळचं घ्या, ‘सी-व्ह्यू’च्या नादात लांब जाऊ नका. पहिल्या दिवशी तो व्ह्यू पडदा लावून झाकायचाच असतो.

पोचल्यावर आधी खाणं. दहीभात कुठेही मिळतो, गावात तमिळ आणि बंगाली वस्ती भरपूर. आईने दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, तेव्हा मी ‘कशाला’ म्हणालो नाही, कारण उशीर झालेल्या विमानात दशमीसारखा दुसरा पदार्थ नाही. मग अंघोळ आणि पडदे लावून झोप. साडेतीनला सगळ्यांना उठवायचं, हे महत्त्वाचं, नाहीतर रात्री अकराला पोरं पलंगावर उड्या मारतात. मग समुद्र बघायला जायचं. फक्त बघायला, काठाच्या रस्त्यावरून, पाण्यात उतरायचं नाही. पोरांना तेवढं पुरतं. लाटा, होड्या, नारळपाणी. पाचला अंधार पडायला लागतो, तोच अंधार तुमच्या कामाला येतो, कारण ‘रात्र झाली’ हे पटवावं लागत नाही. साडेसहाला जेवण, साडेसातला दिवे बंद. सव्वापाचला ती उठली तरी त्यांचे पावणेदहा तास झालेले असतात, आणि सकाळची हॅवलॉकची बोट आरामात मिळते. बोटीत मधली, खालची सीट मागा, हेलकावे कमी बसतात.

केबिनच्या बॅगेत औषधं, प्रत्येक मुलाचे दोन जोड कपडे, आणि आई-बापांचाही एक जोड. तो कोणी घेत नाही. पोर ओकतं ते स्वतःच्या अंगावर नाही, तुमच्या खांद्यावर. सगळ्यांची ओळखपत्रं, मुलांची आधार कार्डंसुद्धा, आणि बोटीची तिकिटं कागदावर छापून. चेन्नईहून समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून तिथलं इंटरनेट पुष्कळ सुधारलंय, पण जेट्टीच्या रांगेत, एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात नऊ टक्के बॅटरी असताना, कागदच बरा.

आणि निघायच्या आठवडाभर आधी हॉटेलला स्वतः फोन करा, एजंटला नको. तीनच प्रश्न. खोली किती वाजता मिळेल, नक्की किती वाजता. पडदे जाड आहेत का. आणि खोलीत किटली आहे का. किटली बहुतेक ठिकाणी असते. तिच्यात दूध मात्र तापवू नका, तळाला लागतं.